फेराला निघालेल्या वाकळे बाई

वाकळे बाईंच्या निरोप समारंभाला वाकळे बाईच आल्या नाहीत. बोरीला आमच्या शाळेच्या मैदानात मांडव घातला होता. शाल, श्रीफळ, बाईंच्या नावाचं सन्मानपत्र, अध्यक्षांची खुर्ची आणि तिच्या शेजारी बाईंची खुर्ची, सगळं जागेवर होतं. भाषणं सुरू झाली. जो तो बाईंबद्दल चांगलं बोलत होता आणि बोलता बोलता त्या रिकाम्या खुर्चीकडं हात करत होता. मुख्याध्यापक माझ्याकडं बघत होते आणि मी मांडवामागं जाऊन फोन लावत होते. शेवटी एकदाचा बाईंनी उचलला. मागं एसटीचा खडखडाट ऐकू येत होता.

"मॅडम, मी सेलूच्या पुढं हाय," त्या म्हणाल्या. "इथल्या एका म्हातारीला तिचा लेक उद्या पुण्याला न्यायलाय. कायमचं. ती गेल्यावर तिचं गाणं इथं कोण म्हणंल? शाल तुमी घेऊन ठेवा."

शाल मी घेतली. अध्यक्षांनी ती माझ्याच खांद्यावर घातली, फोटोही निघाला. शाळेच्या कार्यालयात तो फोटो अजून आहे. खाली नाव बाईंचं आणि फोटोत मी.

बाई गणित शिकवायच्या, मी मराठी. मी परभणीहून रोज जिंतूर गाडीनं ये-जा करायची, बाई बोरीतच भाड्यानं राहायच्या. बुटक्या, काटक, साडी घोट्याच्या बरीच वर नेसलेली, कारण स्कूटीच्या चाकात एकदा पदर गेला होता आणि त्या दिवसापासून त्यांचा साडीवरचा विश्वास उडाला होता. एवढ्या वर्षांत स्टाफरूममधल्या खुर्चीत त्यांना बसलेलं आम्ही क्वचितच पाहिलं. चहा खिडकीशी उभ्यानं, तोही अर्धा. वर्गात फळ्यावर उदाहरण लिहायच्या आणि सोडवत सोडवत शेवटच्या बाकापर्यंत जाऊन यायच्या. पोरं म्हणायची, वाकळे बाई गणित पायानं शिकवतात. बोलताना त्यांचं वाक्यसुद्धा पुरं व्हायचं नाही. "मॅडम, त्या कौसडीच्या बाया मला म्हणल्या की..." एवढं बोलून त्या निघून जायच्या, आणि कौसडीच्या बाया काय म्हणाल्या ते दुसऱ्या दिवशी कळायचं.

त्यांचा जीव अडकला होता तो पंचमीच्या गाण्यांत. आमच्याकडं श्रावणात नागपंचमीच्या आधी आठ-दहा दिवस संध्याकाळी बाया फेर धरतात. हातात हात धरून गोल करायचा, एकीनं गाणं उचलायचं, बाकीच्यांनी झेलायचं. माहेरी आलेल्या लेकी, सासरी नांदणाऱ्या सुना, सगळ्या त्यात. आता लेकी पंचमीला सकाळी गाडीनं येतात आणि जेवून संध्याकाळी परत जातात. फेर धरायच्या वेळेला गावात मालिका लागलेल्या असतात. बाईंना हे सहन व्हायचं नाही. आषाढ लागला की शाळा सुटताच त्यांची स्कूटी निघायची. आज या गावात, उद्या त्या.

मी नव्यानं रुजू झाले त्याच वर्षी त्यांनी मला मागं बसवून जवळच्या एका गावाला नेलं. मारुतीच्या पारासमोर दहाबारा बाया आल्या होत्या, पण कुणी तोंड उघडेना. मास्तरीणबाई आल्या म्हणून सगळ्या पदर सावरून उभ्या. एकमेकींना ढकलत होत्या, "तू म्हण, तू म्हण." बाईंनी चपला काढून पाराखाली सारल्या आणि स्वतःच सुरू केलं:

"पंचमीच्या सणाला गं पाय निघंना दारातून,
मुराळी माझा आला गं बोरीच्या बाजारातून..."

बाईंचा आवाज फाटका. सूर कुठल्या कुठं. मला कसंतरीच झालं. बाया आधी पदराआड हसल्या, मग एक म्हातारी पुढं आली. म्हणाली, "आवं असं न्हाई बाई. तुमी तर पार नासच केला." आणि तिनं ते गाणं असं उचललं की भोवतालच्या बाया कधी हात धरून फिरायला लागल्या ते कळलं नाही. बाई मधेच दोघींच्या हातात हात देऊन घुसल्या होत्या आणि चुकीच्या पायावर वाकत होत्या.

परत येताना मी विचारलं, तुम्ही मुद्दाम वाईट गाता का? बाई म्हणाल्या, "न्हाई हो. मला येतंच न्हाई. पण माझं ऐकून कोणाला बी वाटतंय, हिच्यापेक्षा मी बरी."

शिकलेलं गाणं त्या लिहून ठेवत नसत. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात ते म्हणून मोकळ्या व्हायच्या. मी एकदा सुचवलं की मोबाइलमध्ये भरून ठेवा. त्यांना ते पटलं नाही. "गाणं म्हणजे विरजण हाय मॅडम. झाकून ठेवलं तर आंबून जातंय. शेजारणीला द्यावं लागतंय." अशी ती गाणी बोरीहून झरीला, झरीहून आणखी पुढं जायची, वाटेत गावांची आणि भावांची नावं बदलायची, आणि एखादं गाणं फिरून बोरीलाच परत आलं की बाईंना कोण आनंद व्हायचा. "वळखू येईना गेलंय!" म्हणायच्या.

वर्गात प्रमाण मराठी बोलणाऱ्या बाई वर्गाचा उंबरा ओलांडला की हाय-न्हाईवर यायच्या. घरी त्यांचे यजमान, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, फार शांत माणूस. बाई येईपर्यंत स्वयंपाक करून ठेवायचे आणि स्कूटीत पेट्रोल आहे का ते बघायचे. बाईंच्या या फिरण्याबद्दल त्यांना विचारलं तर म्हणायचे, "तिला घरात बसवलं तर घर फिरायला लागंल."

बाई बौद्ध. त्यांच्या वस्तीतले काही लोक त्यांना विचारायचेच की आपण ते सगळं टाकून दिलं, मग तुम्ही पंचमीच्या मागं कशाला? बाईंचं उत्तर ठरलेलं होतं. "वारुळाला मी जात न्हाई. गाण्याला जाते." त्यावर एकदा एका तरुण पोरानं त्यांना म्हटलं, गाण्यात वारूळ असतंच की मावशी. त्या दिवशी बाई तिथून निघून आल्या आणि दोन दिवस त्याच एका वाक्यावर माझ्याशी तुकड्या-तुकड्यानं बोलत राहिल्या.

एका वर्षी परभणीत मोठा सांस्कृतिक कार्यक्रम होता आणि बाईंना बाया घेऊन यायचं आमंत्रण आलं. आम्ही एक टेम्पो करून गेलो. तिथल्या संयोजकांनी सगळ्यांना एका रंगाच्या नऊवारी दिल्या, ते बायांना आवडलं. मग सांगितलं की गाणं ध्वनिमुद्रित आहे, तुम्ही फक्त ओठ हलवा. आणि असा गोल करू नका, प्रेक्षकांना पाठी दिसतात, अर्धा गोल करा, तोंडं समोर. बाई आधी नीट समजावून सांगत होत्या. मग त्यांचा पाय हलायला लागला. मग त्या एकदम म्हणाल्या, "चला गं खाली." आणि बायांना मंचावरून उतरवून मांडवाच्या कडेला मोकळ्या जागेत घेऊन गेल्या.

फेर धरला, पण आवाज कुणाला ऐकू जाईना. मंचावर पुढचा कार्यक्रम सुरू झाला, कर्णे दणाणायला लागले. बाया आपापसात थोड्या फिरल्या आणि थांबल्या. टेम्पोत बसल्यावर गयाबाई नावाची म्हातारी, जी फेराचा सगळा जीव होती, ती बाईंवर रुसली. म्हणाली, "तुमचं ठीक हाय. मला त्या उजेडात उभं राहून फोटू काढायचा होता. जिंदगीत एकदा." बाईंना हे लागलं. त्या जिंतूर रस्त्यानं बोरीपर्यंत बाहेर बघत बसल्या. पुढच्या आठवड्यात त्यांनी परभणीहून एक फोटोवाला बोलावला, गयाबाईला ती नऊवारी नेसायला लावून पारावर उभी केली आणि फोटो काढवला. गयाबाई म्हणाली, उजेड तेवढा न्हाई. बाई मला म्हणाल्या, "मॅडम, मी बायांना इचारायला पायजे होतं."

अशा सगळ्या फिरण्यात एक गाव बाईंनी कधी केलं नाही. ते त्यांच्या आईचं माहेर, पूर्णेच्या काठचं. बाईंची माय पिंगळीला बाईंच्या भावाकडं राहायची. ऐंशीच्या आसपासची, ताठ, गुडघे गेलेली, पण जिभेला धार. तरुणपणी तिच्यासारखी गाणारी पंचक्रोशीत नव्हती, असं बाईंनी लहानपणापासून ऐकलेलं. स्वतः मात्र त्यांनी मायीच्या तोंडून पंचमीचं एकही गाणं ऐकलं नव्हतं. विहारात वंदनेनंतर ती स्वतः रचलेली गाणी म्हणायची. पंचमीचं विचारलं की म्हणायची, विसरले.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी त्या पूर्णाकाठच्या गावातून बाईंना बोलावणं आलं. तिथली सरपंच एक तरुण सून होती, तिनं फोन करून सांगितलं की आमच्याकडं बऱ्याच वर्षांत फेर झाला नाही, तुम्ही या. बाईंचे पाय जमिनीवर ठरेनात. मायीला माहेरी न्यायचं, तिला फेरात उभं करायचं. रविवारी त्या मला घेऊन पिंगळीला गेल्या. माय ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. बाईंनी उभ्या-उभ्याच सगळं सांगून टाकलं. माय शेंगा फोडतच राहिली. मग म्हणाली, "बस खाली."

बाई बसल्या. मायीनं जे सांगितलं ते तिनं अगदी साध्या आवाजात सांगितलं. त्या काळी गावाचा फेर मारुतीपुढं आणि यांच्या वस्तीच्या बाया लांब लिंबाखाली उभ्या. फक्त बघायचं. माय तेव्हा बारा-तेरा वर्षांची. तिला सगळी गाणी पाठ, कारण लांबून ऐकून ऐकून ती पाठ झालेली. पाटलाच्या वाड्याजवळची अंबू तिच्याच वयाची, दोघी नदीवर शेण्या वेचायला एकत्र असायच्या. एका पंचमीला अंबूनंच खूण केली आणि ही पळत जाऊन फेरात शिरली.

"माझा हात अंबूच्या हातात होता," माय म्हणाली. "दोन फेरे झाले आसतील. तिच्या चुलतीनं हाक मारली, अन् अंबूनं हात सोडला. मला कोणी मारलं न्हाई. शिवी बी दिली न्हाई. हात सोडला फक्त. फेर थांबला, अन् बाया घरी गेल्या. अंबूनं घरी जाऊन हात धुतले आसतील का, ह्याचा मी लय दिवस इचार केला."

समोरच्या रुळांवरून एक लांब मालगाडी गेली. मग माय लेकीला म्हणाली, "तू गाणी गोळा करायलीस, कर. मला कायला न्यायलीस त्या फेरात? तो माझा नव्हता."

त्यानंतर बाई शाळेत आल्या आणि स्टाफरूमच्या खुर्चीत बसल्या. मधल्या सुट्टीत बसलेल्या, तास नसला की बसलेल्या. आम्हाला सगळ्यांना चमत्कारिक वाटायला लागलं. शिपाई येऊन हळूच मला विचारून गेला, बाईंची तब्येत बरी आहे ना? चहा त्यांनी पूर्ण पिऊन कप खाली ठेवला त्या दिवशी मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "इतकी वर्षं मी फिरायलेय. फेरात कोण हाय ते बघितलं. कोण न्हाई ते कदी इचारलंच न्हाई."

त्या गावाला नकार कळवतील असं मला वाटलं. पण बाई पुन्हा पिंगळीला गेल्या. मायीशी काय बोलल्या माहीत नाही. माय यायला तयार झाली, पण अट घालून. फेर मारुतीपुढं नाही, शाळेच्या मैदानावर. आणि पहिलं गाणं तिचं, तिनं स्वतः रचलेलं. ते सगळ्यांनी झेलायचं.

पंचमीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही तिथं पोचलो. पावसानं उघडीप दिली होती. मैदानावर बाया बऱ्याच जमल्या होत्या, गावातल्याही आणि वस्तीतल्याही, पण दोन घोळके वेगवेगळे. माय रिक्षातून उतरली आणि बाईंच्या खांद्याला धरून मधे आली. सरपंच सुनेनं सगळ्यांना बोलावून गोल केला. माय गोलात उभी राहिली आणि बाईंनी सांगितलं की सुरुवात मायीच्या गाण्यानं होईल.

तेव्हा गावातल्या बायांमधून एक थकलेली, गोरी म्हातारी पुढं आली. तिला कुणी तरी अंबूआत्या म्हणून हाक मारली, म्हणून मला कळलं. लेकरं झाल्यावर विधवा होऊन ती माहेरीच येऊन राहिली होती. ती मायीकडं न बघता बाईंना म्हणाली, "पंचमीला आधी नागोबाचं म्हणायचं असतंय. मोडता घालू न्हाई. मंग काय म्हणायचं ते म्हणा."

पुष्कळ बायांनी माना हलवल्या. माय म्हणाली, "मंग म्हणा. मी रिक्षात बसते."

बाई मधे उभ्या होत्या. एकीकडं इतक्या वर्षांनी भरलेला त्या गावचा फेर, तो मोडला तर पुन्हा कोण भरवणार. दुसरीकडं माय. मी बाईंचे पाय पाहिले. ते हलत नव्हते.

"आज पयलं मायीचं," बाई म्हणाल्या. "ज्यांना झेलायचं न्हाई, त्यांनी दुसऱ्या गाण्यापासून या. राग न्हाई."

गोल फुटला. कितीतरी बाया शाळेच्या ओट्याकडं गेल्या, अंबूआत्याही गेली. मैदानात राहिल्या वस्तीच्या बाया, सरपंच सून, तिच्या दोन जावा, काही पोरी आणि मी. फेर एवढासा झाला. मायीनं डोळे मिटले आणि गाणं उचललं. त्या वयात तसा आवाज मी पुन्हा ऐकला नाही.

"माझ्या डोईवर पाटी, पाटी शेणाची मातीची,
लेकीच्या गं हाती पाटी, पाटी पांढऱ्या अक्षराची..."

आम्ही झेललं. आधी चाचपडत, मग जोरात. माय वाकत नव्हती, गुडघ्यांमुळं नुसती पावलं टाकत होती. तिचा एक हात बाईंच्या हातात होता आणि दुसरा त्या सरपंच सुनेच्या. ओट्यावरच्या बाया बसून ऐकत होत्या. एकदोघींचे ओठ हलायला लागले होते, पण उठून कुणी आलं नाही. गाणं चांगलं लांब होतं. मायीनं ते शेवटपर्यंत म्हटलं.

मग नागोबाचं गाणं सुरू झालं आणि ओट्यावरच्या बाया फेरात आल्या. अंबूआत्याही आली. पण ती गोलात शिरली तेव्हा माय गोलातून निघून रिक्षाकडं चालली होती. दोघी हातभर अंतरावरून एकमेकींना ओलांडून गेल्या.

परतीच्या वाटेवर आम्ही तिघी रिक्षात. बाई तोंडातल्या तोंडात त्या चालीला धरून होत्या. पिंगळी जवळ आल्यावर माय म्हणाली, "अंबूचे बी गुडघे गेलेत गं. लंगडायलीय." आणि थोड्या वेळानं, "तिला तेल सांगायला पायजे होतं."

त्या हिवाळ्यात माय गेली. अंबूआत्या मातीला आली नव्हती, पण तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून पिंगळीला येऊन गेली, असं बाईंच्या भावानं सांगितलं. बाई तेव्हा घरी नव्हत्या. आल्यावर त्यांनी भावाला एवढंच विचारलं की चहा दिला का. त्यानं दिला होता, आणि तिनं घेतला होता.

पुढं बाईंचं फिरणं थांबलं नाही, पण बदललं. आता कुठल्याही गावात गेल्या की आधी विचारायच्या, इथल्या फेरात कोण येत नाही? कोणत्या वस्तीच्या बाया, कुठल्या विधवा, कुठली सून? मग पहिल्यांदा तिकडं जायच्या. काही गावांनी त्यांना बोलावणं बंद केलं. बाई चांगल्या होत्या, आता राजकारण करायल्यात, असं एका गावच्या बाईनं मला सांगितलं. बाईंना मी ते कळवलं. त्या म्हणाल्या, "असू द्या. तिथं दुसऱ्या रस्त्यानं जाऊ." आणि खरोखर त्या त्याच गावात बचत गटाच्या बैठकीला गेल्या, आणि फाटक्या आवाजात सुरू झाल्या.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते गेल्या दिवाळीनंतर. घरच्यांबरोबर मी पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला निघाले होते. कापसाची वेचणी जोरात होती, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पांढरं फुटलेलं. एका शेतात बायांची रांग वेचत पुढं चाललेली, आणि त्या रांगेत एक साडी घोट्याच्या फार वर नेसलेली. मी गाडी थांबवायला लावली. बांधावर पाणी पीत बसलेल्या एका बाईला विचारलं. ती हसली. म्हणाली, "मास्तरीणबाई हाईत. गाणं सांगा म्हणून आल्या. आमी म्हणलं, आमाला उभं राहून गाणं सांगायला येळ न्हाई. रोजगार बुडतोय. मंग त्या म्हणल्या, वेचत वेचत सांगा. सकाळधरनं वेचायल्यात."

मी हाक मारली. वारा उलट होता. बाईंच्या कमरेला ओटी बांधलेली, ती कापसानं फुगलेली. शेजारची बाई काही तरी म्हणत होती, बाई तिच्याकडं कान करून दोन्ही हातांनी बोंडं ओढत होत्या आणि सरी मागून सरी टाकत लांब जात होत्या. मी पुन्हा हाक मारली. गाडीतून आमचे लोक घाई करायला लागले, दर्शनाची रांग वाढेल म्हणून.

रांग शेताच्या पल्याडच्या बांधाला टेकली आणि वळली. वळून सगळ्या बाया आमच्या दिशेनं यायला लागल्या. बाई मात्र तिथंच थांबल्या, पल्याडच्या शेतात कुणी तरी दुसरं वेचत होतं, तिकडं बघत. मग ओटी सावरून त्यांनी बांध ओलांडला.